सिमेंटच्या पत्र्यातला न दिसणारा धागा

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि काही तासांत श्रीवर्धन-मुरुडपासून पार दापोली-मंडणगडपर्यंत हजारो घरांची छपरं उडाली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वाड्यांमधून कौलांच्या खापऱ्या पडल्या होत्याच, त्यांच्या जोडीला करड्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे होते. पाऊस तोंडावर आलेला. मिळतील तिथून पत्रे आणून लोकांनी घरं पुन्हा झाकली.

वादळ नसलं तरी हे काम दर मे महिन्यात कुठे ना कुठे चालूच असतं. पत्रा मापाला कापायचा, जे-हुकसाठी भोकं पाडायची, उरलेले तुकडे झाडून कोपऱ्यात लोटायचे. ग्राइंडर पत्र्याला टेकला की पांढरट धुरळ्याचा लोट उठतो आणि कापणाऱ्याच्या भुवया, पापण्या, दंडावरची लव सगळं पिठूळ होऊन जातं. तोंडाला रुमाल गुंडाळलेला असतो. संध्याकाळी तो माणूस शर्ट झटकतो, हातपाय धुतो आणि घरी जातो. त्याला साधा ठसकाही लागलेला नसतो.

इथेच कोड्याला सुरुवात होते. धूळ तर प्रत्येकाच्याच पोटात आणि छातीत जाते. पिठाच्या गिरणीत, फळ्यासमोर, खळ्यावर, कच्च्या रस्त्यानं जाणाऱ्या एसटीच्या मागे. शरीर ती खोकून, शिंकून बाहेर टाकतं. मग या एका करड्या पत्र्याच्या धुळीला घाबरून साठाहून अधिक देशांनी त्यातल्या कच्च्या मालावरच बंदी का घातली? आणि ज्याला आज काहीच झालं नाही, त्याला तीस वर्षांनी धाप का लागते?

त्या कच्च्या मालाचं नाव ॲस्बेस्टॉस. आपण ज्याला सहज ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, त्यात सिमेंट, राख आणि लगदा यांच्याबरोबर साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असतं. मातीच्या भिंतीत गवताचा काड घालतात, तेच काम ते इथे करतं. सिमेंट एकटं ठिसूळ असतं, धाग्यांनी ते बांधून धरलं जातं.

दगड, पण कापसासारखा

ॲस्बेस्टॉस हे कारखान्यात तयार केलेलं रसायन नाही. ते जमिनीतून निघणारं खनिज आहे. खरं तर सहा वेगवेगळ्या खनिजांचं हे एकत्र नाव आहे. त्यातली तीन व्यापारात महत्त्वाची ठरली. पांढरं म्हणजे क्रिसोटाइल, निळं म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट. हातात घेतलं तर दगड, पण नखानं ओढलं तर त्याचे धागे सुटतात. ते पिंजता येतात, कातता येतात, विणता येतात. जळत नाहीत, कुजत नाहीत आणि सहजी तुटतही नाहीत. ग्रीक भाषेतल्या ज्या शब्दावरून हे नाव आलं, त्याचा अर्थच ‘न विझणारं’ असा आहे.

या धाग्याचा गुण आणि दोष दोन्ही त्याच्या फुटण्याच्या पद्धतीत आहेत. साधा दगड फुटला की खडे होतात, खड्यांची वाळू होते. ॲस्बेस्टॉस मात्र बांबूसारखं उभं फुटतं. बांबूच्या कामट्या होतात, कामट्यांच्या काड्या होतात, लांबी तेवढीच राहते आणि जाडी कमी कमी होत जाते. हे फुटणं डोळ्यांना दिसेनासं झालं तरी थांबत नाही. माणसाच्या केसापेक्षा शेकडो पट बारीक धागा होईपर्यंत ते चालू राहतं.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची रचना आणखी गमतीची आहे. त्याच्या कणात दोन पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, पण दोघांची मापं जुळत नाहीत. उन्हात वाळताना पापडाची कड वळते, तसा हा जोडथर वळतो आणि त्याची गुंडाळी होते, अगदी सुरळीच्या वडीसारखी. म्हणून पांढरे धागे नागमोडी आणि मऊ असतात, तर निळे आणि तपकिरी सुईसारखे सरळ.

कुठे कुठे शिरलं

असा माल स्वस्तात मिळतो म्हटल्यावर विसाव्या शतकानं तो जिथे उष्णता, घर्षण किंवा पाऊस आहे तिथे तिथे वापरला. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर ठेवायची तारेची जाळी आठवावी. तिच्या मधोमध जो पांढरा गोल असायचा, तो पूर्वी ॲस्बेस्टॉसचा असे. बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग म्हणजे उष्णतारोधक वेष्टण, इंजिनांची गास्केटं, पंपांच्या दांड्यांभोवती गुंडाळायची दोरी, भट्टीवर काम करणाऱ्यांचे हातमोजे, ट्रकचे ब्रेक लायनर, पाण्याचे नळ आणि सगळ्यात जास्त म्हणजे छपराचे पत्रे. जहाजांच्या इंजिनखोल्या तर त्यानं लिंपूनच काढल्या जात.

म्हणून जहाजं तोडणाऱ्या किनाऱ्यांवर हा प्रश्न जास्त टोकदार होतो. फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही विमानवाहू नौका गुजरातमधल्या अलंगकडे तोडायला निघाली होती. तिच्या पोटातल्या ॲस्बेस्टॉसवरून वाद पेटला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ती माघारी बोलावावी लागली. मुंबईत माझगावजवळच्या दारूखान्यातही जहाजं तोडली जातात. भारतीय नौदलाची जुनी ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तिथेच मोडीत निघाली.

भारतात या खनिजाच्या नव्या खाणपट्ट्यांना १९८६ मध्ये मनाई झाली आणि १९९३ मध्ये जुन्या पट्ट्यांचं नूतनीकरणही थांबलं. वापर मात्र थांबला नाही. गेल्या काही वर्षांत देश दर वर्षी तीन ते चार लाख टनांच्या आसपास पांढरं ॲस्बेस्टॉस परदेशातून आणत आला आहे. त्यात रशिया, कझाकस्तान आणि ब्राझील हे मोठे पुरवठादार. जगात सगळ्यात जास्त आयात करणारा देश भारतच आहे आणि त्यातला बहुतेक माल पत्र्यांमध्ये जातो.

फुप्फुसाची झाडलोट

छातीत गेलेल्या धुळीचं शरीर काय करतं, ते आधी पाहू.

पहिली चाळण नाकातले केस. मोठे कण तिथेच अडकतात. पुढे श्वासनलिकेच्या आतल्या भिंतीवर चिकट ओलावा असतो आणि त्याखाली सूक्ष्म लव. वाऱ्यावर भाताचं शेत एका दिशेनं डोलावं तशी ही लव सतत घशाच्या दिशेनं हलत असते. चिकट थरात रुतलेली धूळ तिच्याबरोबर वर सरकते. सकाळी खाकरून थुंकलेला बेडका म्हणजे या व्यवस्थेनं गोळा केलेला केरच. बिडी-सिगारेटच्या धुरानं ही लव लुळी पडते, हे इथेच लक्षात ठेवायला हवं.

त्याहून बारीक कण थेट तळाशी, हवेच्या सूक्ष्म फुग्यांपर्यंत पोहोचतात. इथे लव नसते. इथली झाडलोट भक्षक पेशी करतात. कण दिसला की ही पेशी त्याला चहूबाजूंनी वेढते, पोटात घेते आणि तिखट रसायनं सोडून विरघळवते किंवा उचलून बाहेरच्या वाटेला लावते. गव्हाच्या पिठाचा कण असो, मातीचा असो वा जिवाणू असो, बहुतेकांचा निकाल असाच लागतो.

न गिळता येणारी काडी

ॲस्बेस्टॉसचा धागा या दोन्ही पहाऱ्यांमधून निसटतो. कण किती खोल जाईल, हे मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरतं. धागा लांब असला तरी अतिशय बारीक असल्यामुळे हवेच्या प्रवाहाला समांतर राहून सुईसारखा आत शिरतो. म्हणूनच तपासणीत पाच मायक्रॉनहून लांब आणि तीन मायक्रॉनहून बारीक धागे मोजले जातात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

तळाशी पोहोचल्यावर खरी अडचण सुरू होते. भक्षक पेशीची रुंदी साधारण २० मायक्रॉन. धागा त्याहून लांब असेल तर पेशी त्याला पूर्ण गिळू शकत नाही. छोट्या पिशवीत छत्रीची काडी कोंबली तर तोंड बंद होत नाही, उलट पिशवीच फाटते, तसाच हा प्रकार. पेशीचं तोंड उघडंच राहतं आणि धागा विरघळवण्यासाठी सोडलेली तिखट रसायनं बाहेर सांडतात. आजूबाजूच्या नाजूक भिंती भाजून निघतात. ती पेशी मरते, धागा तसाच उरतो. त्याला उचलायला दुसरी पेशी येते. तीही मरते.

आता धोका कुठून येतो ते कळतं. हे विष नाही; ते रक्तात मिसळून मज्जातंतू बंद पाडत नाही. इजा होते ती धाग्याच्या आकारामुळे आणि टिकाऊपणामुळे. ज्या गुणांसाठी कारखानदारांनी ते विकत घेतलं, लांब, बारीक, न कुजणारं, तेच गुण फुप्फुसाच्या मुळावर येतात.

तीन आजार

पहिला आजार ॲस्बेस्टॉसिस. जळजळ वर्षानुवर्षं चालू राहिली की शरीर त्या जागी व्रण भरतं. भाजलेल्या हातावरची नवी कातडी जशी ताठ आणि जाड होते, तसंच फुप्फुसाच्या आत होत जातं. स्पंजासारखा मऊ अवयव हळूहळू चामड्यासारखा होतो. हवा आत घ्यायला जोर लागतो आणि घेतलेल्या हवेतला प्राणवायू जाड भिंतीतून रक्तात नीट उतरत नाही. सुरुवातीला माणूस म्हणतो, ‘वय झालं’. दोन जिने चढताना मध्ये थांबावं लागतं. मग एक जिना. मग अंघोळ करतानाही दम लागतो. पाठीवर, फुप्फुसाच्या तळाशी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेकवला की प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक चरचर ऐकू येते, बॅगेची वेल्क्रोची पट्टी सावकाश उघडावी तशी. झालेला व्रण परत मऊ करणारं औषध नाही.

दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तो धूम्रपानानंही होतो. पण दोन्ही एकत्र आले की हिशेब बेरजेवर थांबत नाही. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांचा जो अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात धूम्रपान न करणाऱ्या ॲस्बेस्टॉस कामगारांमध्ये या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे पाच पट आढळले. ॲस्बेस्टॉसशी संबंध नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ते दहा-अकरा पट होते. ज्यांच्या वाट्याला दोन्ही आलं, त्यांच्यात पन्नास पटींहून अधिक. लव लुळी पडल्यावर आत गेलेले धागे बाहेर कोण काढणार, हे यामागचं एक कारण.

तिसरा मेसोथेलिओमा. फुप्फुसाभोवती दुहेरी पातळ अस्तर असतं आणि दोन पदरांमध्ये थोडा बुळबुळीत द्रव, म्हणून श्वास घेताना छाती घासत नाही. काही धागे सरकत सरकत या अस्तरापर्यंत पोहोचतात आणि तिथे कर्करोग होतो. पोटाच्या आतल्या अस्तरालाही तो होऊ शकतो. एरवी हा आजार इतका दुर्मीळ की तो सापडला की डॉक्टर आधी ॲस्बेस्टॉसचा माग काढतात. निदानानंतर बहुतेक रुग्णांच्या हाती एक-दीड वर्षच असतं.

पांढरं ॲस्बेस्टॉस निळ्यापेक्षा सौम्य आहे, असं उद्योगाकडून वारंवार सांगितलं जातं. मेसोथेलिओमाच्या बाबतीत सरळ सुईसारखे धागे जास्त घातक आहेत, हे खरं. पण त्यावरून पांढरं निर्धोक ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांना माणसात निश्चितपणे कर्करोग करणारे मानते. फुप्फुस आणि अस्तराबरोबर स्वरयंत्र आणि बीजांडकोश यांच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध तिनं मान्य केला आहे.

तीस वर्षं कशासाठी?

सुरुवातीचं अर्धं कोडं अजून बाकी आहे. इजा रोज होत असेल तर आजार इतक्या उशिरा का?

प्रत्येक पेशीला वाढीवर लगाम ठेवणारी अनेक कुलपं असतात. एखादं कुलूप तुटलं तरी पेशी बिघडत नाही, बाकीची तिला धरून ठेवतात. धाग्याभोवती चाललेल्या जळजळीमुळे पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या तयार होतात. दर नव्या विभागणीत नक्कल चुकण्याची शक्यता असते. शिवाय पेशीचे दोन भाग होताना बारीक धागे गुणसूत्रांच्या वाटेत अडकून वाटणी बिघडवतात. आज एक कुलूप, आठ वर्षांनी दुसरं, आणखी दहा वर्षांनी तिसरं. धागा छातीतून जात नाही, म्हणून ही मोडतोड काम सोडल्यावरही थांबत नाही. मेसोथेलिओमा उघड व्हायला सहसा वीस ते चाळीस वर्षं जातात, कधी त्याहून जास्त.

म्हणजे विसाव्या वर्षी कामाला लागलेला तरुण आजारी पडतो तो साठीच्या आसपास. तोवर तो निवृत्त झालेला असतो, गावी परतलेला असतो, कधी कारखानाच बंद पडलेला असतो. मुंबईत कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कितीतरी कारखान्यांच्या जागी आता उंच इमारती आणि मॉल आहेत. जिथे धूळ छातीत गेली ती जागाच उरली नाही आणि धूळ तेवढी छातीत राहिली.

रॉचडेल ते मुलुंड

मँचेस्टरजवळच्या रॉचडेल गावात नेली कर्शॉ नावाची कामगार स्त्री टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचं सूत कातत असे. १४ मार्च १९२४ रोजी ती गेली, तेव्हा तिचं वय होतं ३३. ॲस्बेस्टॉसमुळे आजार होतो हेच मान्य नसल्यानं कंपनीनं भरपाई नाकारली. डॉ. विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, त्यात खनिजाचे कण दिसले आणि त्यांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. पुढे १९२७ मध्ये आजाराला ॲस्बेस्टॉसिस हे नाव मिळालं. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारच्या अहवालानं ३६३ कामगार तपासून सांगितलं की दर चौघांतल्या एकाच्या फुप्फुसात व्रण आहेत आणि वीस वर्षांहून जास्त काम केलेल्यांमध्ये हे प्रमाण पाचांत चार इतकं आहे. पुढच्याच वर्षी तिथे धूळ रोखण्याचे नियम आले.

टर्नर ब्रदर्स एव्हाना टर्नर अँड न्यूअल या मोठ्या उद्योगसमूहाचा भाग झाली होती. नियम आल्यानंतर तीन वर्षांनी, १९३४ मध्ये, याच समूहाच्या भारतीय कंपनीनं मध्य प्रदेशातल्या कैमोर इथे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा कारखाना काढला. पुढे मुंबईत मुलुंडला पत्र्यांचा आणि घाटकोपरला ब्रेक लायनर व ॲस्बेस्टॉसच्या कापडाचा कारखाना आला. तंत्र आलं, यंत्रं आली, नोकऱ्या आल्या. रॉचडेलमध्ये जे कळलं होतं, ते मात्र त्या वेगानं कामगारांपर्यंत आलं नाही.

२००५ मध्ये डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या १८१ कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाचांत एकाहून अधिक जणांना ॲस्बेस्टॉसिस होता. १९३० चा ब्रिटिश आकडा आणि हा आकडा शेजारी ठेवले, तर मधली पंचाहत्तर वर्षं कुठे गेली असा प्रश्न पडतो. तंत्रज्ञान कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही. धूळ मोजता येत होती, पाणी मारून दाबता येत होती, पंख्यानं ओढून घेता येत होती. तपासणी आणि माहिती देण्याची इच्छा कमी पडली.

धुण्याच्या बादलीतून

धोका कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही, हे १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत दिसलं. संशोधक वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले, तेव्हा त्यात खाणीत कधीच न उतरलेले लोकही होते. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात ते राहिले होते, एवढाच त्यांचा संबंध. १९६५ मध्ये लंडनमधल्या ७६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या नऊ जणांनी स्वतः हे काम केलं नव्हतं. त्यांच्या घरातलं कुणीतरी करत होतं. कामाचे कपडे घरी येत, ते झटकले जात, धुतले जात आणि धागे धुणाऱ्या बाईच्या श्वासात जात.

आपल्याकडच्या छोट्या गॅरेजमध्ये आजही हे घडू शकतं. ब्रेकचा ड्रम उघडला की मेकॅनिक हवेच्या पाइपानं आतली काळी भुकटी उडवून टाकतो. लायनर जुन्या पद्धतीचा असेल तर त्या भुकटीत ॲस्बेस्टॉसचे धागे असतात. उडालेले बारीक धागे तासन्‌तास तरंगत राहतात. खिडकीतून आलेल्या कवडशात जे कण नाचताना दिसतात, त्याहूनही हे बारीक, म्हणून डोळ्यांना हवा स्वच्छच दिसते. त्याच कपड्यांनी घरी जाऊन मेकॅनिक पोराला उचलून घेतो.

कायदा काय म्हणतो

२७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ‘कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोवर जपायची. कामगारांचा आरोग्य विमा उतरवायचा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं आजार निश्चित केलेल्या कामगारांना एक लाख रुपयांची भरपाई द्यायची. या आजाराचा स्वभाव न्यायालयानं नेमका ओळखला होता. आजार चाळीस वर्षांनी येणार असेल, तर कागदही चाळीस वर्षं टिकला पाहिजे.

बंदीची मागणी करणारी दुसरी याचिका २०११ मध्ये फेटाळली गेली. इतर देश मात्र बंदीच्या दिशेनं गेले. आइसलँडनं १९८३ मध्ये पहिलं पाऊल टाकलं, ब्रिटननं १९९९ मध्ये, संपूर्ण युरोपीय संघानं २००५ मध्ये. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये बंदीच्या बाजूनं निकाल दिला. एकेकाळी जगाला ॲस्बेस्टॉस पुरवणाऱ्या कॅनडानं २०१८ मध्ये ते बंद केलं, आणि तिथल्या ‘ॲस्बेस्टॉस’ नावाच्याच गावानं २०२० मध्ये नाव बदलून घेतलं.

स्वस्त छप्पर ही गरिबाची खरी गरज आहे आणि ती बाजूला सारून बंदीची भाषा करणं अन्यायाचं होईल. पण पर्याय आहेत. लाकडाच्या लगद्याचे किंवा कृत्रिम धागे घालून केलेले सिमेंटचे पत्रे, रंगीत स्टीलचे पत्रे, मंगलोरी कौलं. बंदी घातलेल्या देशांत सिमेंटचे पत्रे या पर्यायी धाग्यांनीच बनतात. किमतीतला फरक सरकारी घरकुल योजनांमधून भरून काढणं अशक्य नाही. आजच्या स्वस्त पत्र्याच्या किमतीत साठीतल्या रुग्णाचा ऑक्सिजन सिलिंडर धरलेला नसतो.

डोक्यावर पत्रे असतील तर

घाबरून आज रात्रीच छप्पर उतरवायला जाऊ नये. अखंड पत्र्यात धागे सिमेंटमध्ये पक्के बसलेले असतात आणि नुसतं त्याखाली राहिल्यानं मोठा धोका नसतो. कापणं, घासणं, भोकं पाडणं आणि फोडणं यातून धागे मोकळे होतात. म्हणून पत्रा असणं आणि पत्रा मोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्यात जास्त धोका घरमालकाला नसून पत्रे बसवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या माणसाला असतो.

*चौकट : पत्र्याचं काम करताना*

• पत्रा कोरडा कापू नये. ग्राइंडर टाळावा. कापायचाच असेल तर उघड्यावर, सतत पाणी मारत, हातकरवतीनं.
• जुने पत्रे उतरवताना आधी भिजवावेत. पाण्यात थोडी साबणाची पूड घातली तर ते नीट मुरतं. नटबोल्ट सोडवून पत्रे अखंड खाली घ्यावेत, वरून फेकू नयेत.
• शेवाळ काढायला तारेचा ब्रश वापरू नये.
• तुकडे कोरड्या झाडूनं झाडू नयेत. ओल्या फडक्यानं टिपून, फडक्यासकट जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधावेत.
• फुटके पत्रे जोत्याच्या भरावात, रस्त्यावर किंवा गोठ्यात पसरू नयेत. कायद्यानं ॲस्बेस्टॉसचा कचरा घातक कचऱ्यात मोडतो. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे त्याच्या विल्हेवाटीची लेखी मागणी करावी.
• रुमाल किंवा साधा कापडी मास्क हे धागे अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक कणांसाठीचा गाळणी मास्क लागतो.
• कामाचे कपडे झटकू नयेत. ते वेगळे, आधी भिजवून धुवावेत.

विचारायचा एक प्रश्न

धाप लागणारा वयस्कर कामगार दवाखान्यात जातो तेव्हा एक्स-रेवरचे डाग पाहून आपल्याकडे आधी टीबीची शंका येते, आणि ते स्वाभाविक आहे. पण टीबीच्या औषधांनी धागे विरघळत नाहीत. खरं निदान एका साध्या प्रश्नानं सुरू होतं : तरुणपणी काय काम करत होता? उत्तरात लॅगिंग, ब्रेक लायनर, पत्र्यांचा कारखाना, जहाजतोडणी, बॉयलर असा शब्द आला तर फुप्फुसाचा सीटी स्कॅन आणि श्वासाची चाचणी पुढच्या पायऱ्या ठरतात. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्यानं मान्य केलेला व्यावसायिक आजार आहे, त्यासाठी भरपाई मागता येते. पण मागायला कामाचा पुरावा लागतो, आणि कारखाना बंद पडल्यावर तो शोधणं फार कठीण जातं.

म्हणून ज्या घरात असं काम केलेलं कुणी असेल, वडील, काका, आजोबा, त्यांनी एवढं करावं. कारखान्याचं नाव, खातं, कामाला लागल्याचं आणि सुटल्याचं वर्ष, बरोबर काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावं एका कागदावर लिहून ठेवावीत. जुनं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा आणि ईएसआयचा क्रमांक त्याच पाकिटात घालावा. बिडी-सिगारेट चालू असेल तर ती आज बंद करावी, कारण इतक्या वर्षांनंतरही स्वतःच्या हाताने कमी करता येईल असा धोका तेवढाच आहे. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना, त्यांनी विचारलं नाही तरी, तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवावा.